टीव्हीचा मॉनिटर करताना: इंचांआधी अंतर मोजा

घरून काम करणाऱ्यांची एक अडचण सारखीच असते. लॅपटॉपच्या चौदा इंची पडद्यावर एकीकडे मूळ मजकूर हवा असतो, दुसरीकडे आपण लिहीत असलेला. शिवाय मेल आणि एक्सेलची लांबलचक शीटही उघडी लागते. पण एका वेळी नीट दिसते ते एकच. अशात दुकानात ४३ इंची फोरके टीव्ही दिसतो आणि तेवढ्याच मापाच्या मॉनिटरपेक्षा तो बराच स्वस्त असतो. हाच टेबलावर ठेवला तर, असा विचार मनात येतोच.

विचार चांगला आहे. फोरके पडद्यावर आडव्या ओळीत ३८४० आणि उभ्या ओळीत २१६० ठिपके असतात. साडेएकवीस इंचांचे चार फुल एचडी मॉनिटर दोनावर दोन रचले, तर जेवढी जागा आणि जेवढे ठिपके मिळतील, तेवढे एका ४३ इंची फोरके टीव्हीत मिळतात, आणि मध्ये कुठे चौकटीची पट्टीही येत नाही. लेखापाल, भाषांतरकार, प्रोग्रॅमर, संपादक, ऑनलाइन शिकवणारे शिक्षक अशा अनेकांच्या कामात यामुळे खरोखर फरक पडतो.

मात्र टीव्ही बनतो तो दुरून हलती चित्रे पाहण्यासाठी, आणि ऑफिसच्या कामात आपण जवळून स्थिर अक्षरे वाचतो. पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणी या एका फरकातून येतात. म्हणून निवड, जोडणी आणि मांडणी करताना दर वेळी एकच कसोटी लावा: अक्षर स्वच्छ दिसते का आणि ते वाचताना डोळ्यांना, मानेला त्रास होतो का?

किती अंतरावर बसणार?

निरोगी नजरेला साधारण एक कला, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढे बारकावे वेगळे दिसतात. पडद्यावरचा ठिपका याहून लहान दिसू लागला की अक्षरांच्या कडा गुळगुळीत वाटतात. हे गणित फोरके टीव्हीला लावले तर लक्षात ठेवायला सोपा नियम मिळतो: टीव्हीचे जितके इंच, त्याच्या दुप्पट सेंटीमीटर अंतरावर बसा. ४३ इंचांसाठी सुमारे ८५ सेंटीमीटर, ५० इंचांसाठी एक मीटर, ५५ इंचांसाठी ११० सेंटीमीटर आणि ६५ इंचांसाठी १३० सेंटीमीटर. याहून जवळ बसलात तर ठिपके जाणवतील आणि कोपरे पाहायला मान सतत वळवावी लागेल.

टीव्ही फुल एचडी असेल तर हेच अंतर दुप्पट होते. आणि ३२ इंची स्वस्त टीव्ही बहुधा केवळ एचडी रेडी, म्हणजे १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचे असतात. ते लॅपटॉपकडून फुल एचडी चित्र घेतात खरे, पण पडद्यावर तेवढे ठिपकेच नसल्याने अक्षरे दाबून बसवतात. ठिपके दिसू नयेत म्हणून अशा टीव्हीपासून पावणेदोन मीटर दूर बसावे लागेल. टेबलावरच्या कामासाठी तो घेऊ नका.

आता टेप घेऊन टेबल मोजा. आपल्याकडचे बहुतेक टेबल दोन फूट, म्हणजे ६० सेंटीमीटर खोल असते. टीव्ही त्याच्या पायांवर टेबलावर ठेवला तर पडदा भिंतीपासून दहा-बारा सेंटीमीटर पुढे येतो आणि डोळ्यांपासूनचे अंतर ६५-७० सेंटीमीटरच उरते. तोच टीव्ही टेबलामागच्या भिंतीवर बसवला, तर हे अंतर ८० सेंटीमीटरच्या आसपास जाते. ४३ इंचांना ते पुरते. घर भाड्याचे असेल आणि भिंतीला भोके पाडता येत नसतील, तर टीव्ही वेगळ्या स्टँडवर ठेवून टेबल पुढे ओढा. टीव्हीच्या दोन पायांमधले अंतरही आधी पाहा, कारण अनेक मॉडेलांचे पाय अगदी टोकांना असतात आणि अरुंद टेबलावर मावत नाहीत.

या हिशेबाने घरगुती टेबलासाठी ४३ इंच हेच योग्य माप ठरते. तो सुमारे ९५ सेंटीमीटर रुंद आणि साडेत्रेपन्न सेंटीमीटर उंच असतो. ५५ इंची टीव्हीची रुंदी १२२ सेंटीमीटर भरते. त्यासाठी खोल टेबल आणि रिकामी भिंत दोन्ही लागतात. ठिपके मात्र दोन्हींत तेवढेच असल्याने मोठा टीव्ही घेऊन कामाची जागा वाढत नाही, अक्षरे फक्त फुगतात.

हॉलमधला टीव्ही सोफ्यावर बसून वापरायचा विचार असेल तर तो मर्यादित ठेवा. आठ फुटांवरून ५५ इंची पडदा वाचायला अक्षरे अडीच-तीन पट मोठी करावी लागतात, आणि मग पडद्यावर मावणारा मजकूर लॅपटॉपपेक्षा फारसा जास्त राहत नाही. मीटिंग, सादरीकरण किंवा ऑनलाइन वर्ग यांसाठी ही सोय उत्तम आहे. दिवसभराच्या लिखाणासाठी ती कामाची नाही.

दुकानात काय तपासायचे

३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या किमती मनात धरून गेला असाल तर त्या नव्याने पाहा. पण किमतीआधी दुकानात आपला लॅपटॉप आणि केबल घेऊन जा. दुकानातली डेमो चित्रे अक्षरांबद्दल काहीही सांगत नाहीत.

घरीच एक वर्ड फाइल तयार करून न्या. पांढऱ्यावर काळी, काळ्यावर लाल, निळ्यावर लाल आणि लालवर निळी अशा चार रंगसंगतींत मराठी आणि इंग्रजी ओळी लिहा, आकार ११-१२ पॉइंट. टीव्हीवर ही फाइल उघडा. काळी अक्षरे छान दिसतात, पण लाल अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात, असे झाले तर टीव्ही रंगाची माहिती कमी करून दाखवतो आहे.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. चित्रपटाचे व्हिडिओ साठवताना प्रत्येक ठिपक्याचा उजेड स्वतंत्र ठेवतात, रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एक असतो. याला ४:२:० म्हणतात. चेहरा, समुद्र, क्रिकेटचे मैदान यांत ही बचत डोळ्यांना कळत नाही. पण अक्षराची रेघ एक-दोन ठिपक्यांचीच असते. तिचा रंग शेजारच्या ठिपक्यांशी वाटला गेला की रेघ पुसट होते. कामासाठी प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग हवा. त्याला ४:४:४ म्हणतात. टीव्ही पूर्ण फोरकेमध्ये, सेकंदाला ६० चित्रांच्या वेगाने ४:४:४ दाखवतो का, हा खरेदीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. विक्रेत्याला त्याचे उत्तर बहुधा सांगता येणार नाही, पण तुमची फाइल सांगेल.

पॅनेलही पाहा. व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद असतो, पण जवळून पाहताना कडा आणि कोपरे फिकट वाटतात. आयपीएस पॅनेल बाजूने पाहिले तरी बरेचसे एकसारखे दिसते, म्हणून टेबलावर ते अधिक सोयीचे. कामाच्या अंतरावर उभे राहून चारही कोपऱ्यांतले अक्षर वाचून पाहा. ओएलईडी टीव्हीचे चित्र देखणे असते, पण टास्कबार, एक्सेलचे मेनू अशा गोष्टी तासन्तास एकाच जागी राहिल्या तर त्यांचा ठसा पडद्यावर कायमचा उमटण्याचा धोका असतो. आठ तासांच्या ऑफिससाठी साधा एलईडी टीव्ही घेतलेला बरा. परत घेण्याच्या अटी आणि वॉरंटीतले घरगुती वापराचे कलम पैसे देण्यापूर्वी वाचा.

जोडणी: वेग कुठे अडतो

टीव्ही चांगला असूनही माउसचा बाण अडखळत चालत असेल, तर दोष बहुधा जोडणीत असतो. एचडीएमआय १.४ या जुन्या मानकातून फोरके चित्र सेकंदाला ३० वेळाच जाते. २०१३ मध्ये आलेल्या एचडीएमआय २.० मधून ते ६० वेळा जाते. टीव्ही नवा असला तरी लॅपटॉपचे पोर्ट जुने असू शकते. अशा वेळी लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर जात असेल, तर फोरके ६० हर्ट्‌झ असे स्पष्ट लिहिलेला यूएसबी-सी ते एचडीएमआय अडॅप्टर घ्या. नुसते फोरके लिहिलेले स्वस्त अडॅप्टर अनेकदा ३० हर्ट्‌झचेच असतात.

केबल प्रीमियम हायस्पीड प्रमाणित, स्कॅन करता येणारे लेबल असलेली आणि शक्यतो दोन-तीन मीटरच्या आतली घ्या. मिराकास्ट किंवा एअरप्लेने बिनतारी जोडणी होते, पण टाइप केलेले अक्षर क्षणभर उशिरा उमटते. फोटो दाखवायला ती ठीक आहे, टायपिंगला नाही.

जोडल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन ३८४० बाय २१६० आणि रिफ्रेश रेट ६० हर्ट्‌झ आहे का, हे स्वतः पाहा. तिथेच एचडीआर बंद ठेवा, कारण साध्या ऑफिस कामात ते रंग फिके करते.

टीव्हीला सांगा, समोर संगणक आहे

दुकानातून आलेला टीव्ही चित्रे भडक करण्यासाठी आणि हालचाल गुळगुळीत करण्यासाठी जुळवलेला असतो. अक्षरांना हे दोन्ही मारक आहे. पुढील बदल याच क्रमाने करा.

• सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हीत लॅपटॉप जोडलेल्या एचडीएमआय इनपुटचे नाव किंवा चिन्ह बदलून पीसी करा. हे केवळ पाटी बदलणे नव्हे, त्यामुळे टीव्ही ४:४:४ दाखवू लागतो. सोनीमध्ये ग्राफिक्स किंवा गेम हा पिक्चर मोड निवडा.

• त्या पोर्टची पूर्ण क्षमता चालू करा. सॅमसंगमध्ये याला इनपुट सिग्नल प्लस, एलजीमध्ये एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर आणि सोनीमध्ये एन्हान्स्ड फॉरमॅट म्हणतात.

• पडद्याच्या कडा कापल्या जात असतील, टास्कबार अर्धाच दिसत असेल, तर ओव्हरस्कॅन बंद करा. हा पर्याय जस्ट स्कॅन किंवा फिट टू स्क्रीन अशा नावाने असतो.

• शार्पनेस शून्याकडे आणा. जास्त शार्पनेसने अक्षरांभोवती पांढरी किनार उमटते. काही कंपन्यांचा तटस्थ आकडा मध्यावर असतो, म्हणून किनार नाहीशी होईपर्यंत कमी करा आणि तिथे थांबा.

• मोशन स्मूदिंग, नॉइज रिडक्शन आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा.

• उजेड कमी करा. पडद्याशेजारी कोरा कागद धरा. खोलीच्या प्रकाशात कागद आणि पडद्यावरचे पांढरे पान सारखेच उजळ दिसले की बॅकलाइट बरोबर आहे.

• रिमोटला काही तास हात लावला नाही तर अनेक टीव्ही आपोआप बंद होतात. भर मीटिंगमध्ये हे होऊ नये म्हणून ऑटो पॉवर ऑफ बंद करा, आणि चालू होताच थेट शेवटच्या इनपुटवर जाण्याची सोय असल्यास ती निवडा. लॅपटॉप झोपला म्हणून टीव्ही झोपेलच असे नाही. काम संपल्यावर तो रिमोटने बंद करायची सवय लावा.

उजेड कमी केल्यावर डोके दुखू लागले, तर पांढऱ्या पडद्यासमोर पेन वेगाने हलवून पाहा. पेनाच्या एकाऐवजी अनेक तुटक प्रतिमा दिसल्या तर बॅकलाइट लुकलुकतो आहे. मग पडद्याचा उजेड थोडा वाढवा आणि खोलीतही दिवा लावा.

देवनागरीसाठी अक्षर मोठे ठेवा

मराठीत काम करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांवरून आकार ठरवू नये. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, खाली उकार आणि ऋकार येतात, शिवाय राष्ट्र, वैशिष्ट्य यांसारख्या जोडाक्षरांत कितीतरी रेघा एका अक्षराच्या जागेत बसतात. त्याच पॉइंट आकारात इंग्रजी मजकूर सहज वाचता येतो, पण 'घरात' आहे की 'घरांत' हे पाहायला पुढे झुकावे लागते. मुद्रितशोधन करणाऱ्याला हे परवडणारे नाही.

विंडोज टीव्ही ओळखून कधीकधी आपोआप ३०० टक्के स्केलिंग लावते. ते काढून आधी १५० टक्के करून पाहा. या स्केलिंगवरही फुल एचडी मॉनिटरच्या पावणेदोन पटींहून किंचित अधिक जागा मिळते. नजर चांगली असेल आणि काम मुख्यतः आकड्यांचे किंवा इंग्रजीतले असेल तर १२५ टक्के ठेवा. मग जागा अडीच पट होते. कडा तरीही रंगीत किंवा जाड वाटल्या तर विंडोजचे क्लिअरटाइप उघडून दाखवलेल्या नमुन्यांतून स्वच्छ दिसेल तो निवडा. काही पॅनेलांत लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांचा क्रम उलटा असतो, तिथे याने फरक पडतो. माउसचा बाणही मोठा करा, कारण एवढ्या पडद्यावर तो सहज हरवतो.

मान ठरवेल, टीव्ही किती उंच

मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी, हा सर्वमान्य नियम आहे. मोठ्या टीव्हीत तो पाळणे कठीण असते. टेबल ७५ सेंटीमीटर उंच धरले, त्यावर टीव्हीचे पाय आणि साडेत्रेपन्न सेंटीमीटरचा पडदा, म्हणजे वरची कड जमिनीपासून १३५ सेंटीमीटरच्या आसपास जाते. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे बहुधा ११५ ते १२० सेंटीमीटरवर असतात. म्हणून टीव्ही शक्य तितका खाली आणा. भिंतीवर बसवत असाल तर खालची कड टेबलाला जवळजवळ टेकेल इतपत. बसवायला आलेला माणूस हॉलच्या हिशेबाने उंची धरेल, त्याला थांबवून खुर्चीत बसा आणि तिथून खूण करून द्या.

वरचा एक तृतीयांश भाग सतत वाचायच्या कामाला वापरू नका. मुख्य लिखाण मध्यभागी खाली, संदर्भ डाव्या-उजव्या बाजूला, आणि क्वचित पाहायच्या गोष्टी, म्हणजे कॅलेंडर, चॅट, डाउनलोड, वर ठेवा. विंडोज ११ मध्ये विंडोजचे बटण आणि झेड एकत्र दाबले की पडद्याचे भाग पाडून देणारे तयार साचे येतात. स्वतःचे साचे हवे असतील तर मायक्रोसॉफ्टच्या मोफत पॉवरटॉइजमधले फॅन्सीझोन्स वापरा. मॅकवर २०२४ च्या सिकोइयापासून खिडक्या कडेला चिकटवून मांडता येतात.

व्हिडिओ मीटिंगमध्ये अख्खा पडदा शेअर करू नका. तुमचा फोरके पडदा समोरच्याच्या लॅपटॉपवर आकसतो आणि त्याला काहीच वाचता येत नाही. फक्त हवी ती खिडकी शेअर करा. कॅमेरा टीव्हीच्या माथ्यावर लावला तर तुम्ही खालून वर पाहताना दिसता, म्हणून लॅपटॉप बाजूला उघडा ठेवून त्याचा कॅमेरा वापरणे बरे.

पाठीमागे किंवा समोर खिडकी येईल असे बसू नका, उजेड बाजूने येऊ द्या. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवरच्या वस्तूकडे पाहा.

वीज, अर्थिंग आणि वळवाचा पाऊस

४३ इंची टीव्ही छोट्या मॉनिटरपेक्षा जास्त वीज घेतो. मागच्या पाटीवरचा वॅटचा आकडा पाहून हिशेब करा: ८० वॅट धरले तर रोज आठ तास, महिन्यात २५ दिवस वापरून सुमारे १६ युनिट होतात. वीज गेल्यावर लॅपटॉप चालू राहतो, पण टीव्ही बंद पडताच सगळ्या खिडक्या छोट्या पडद्यावर गोळा होतात. वीज वारंवार जात असेल तर टीव्ही आणि राउटर इन्व्हर्टरवर किंवा पुरेशा क्षमतेच्या यूपीएसवर घ्या.

जुन्या इमारतींत सॉकेटला नीट अर्थिंग नसते. केबलच्या धातूला हात लागताच झिणझिण्या आल्या, तर दुर्लक्ष करू नका. त्याच विद्युतदाबामुळे एचडीएमआय पोर्ट जळू शकतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर तीन पिनांच्याच सॉकेटमध्ये लावा, आणि एचडीएमआय जोडताना-काढताना दोन्ही यंत्रे बंद ठेवा. टीव्हीला केबलवाल्याची किंवा डिशची तार असेल तर विजा कडाडू लागताच ती तार, टीव्हीचा प्लग आणि एचडीएमआय तिन्ही काढा. वीज त्या तारेतून टीव्हीत आणि टीव्हीतून लॅपटॉपमध्ये पोचू शकते.

टीव्ही काय पाहतो, तेही पाहा

स्मार्ट टीव्हीत पडद्यावर काय चालले आहे हे ओळखणारी यंत्रणा असते आणि ती एचडीएमआयवरून येणाऱ्या चित्राचेही नमुने घेऊ शकते. अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीने प्रेक्षकांच्या संमतीविना अशी माहिती गोळा केल्याचे प्रकरण २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून मिटवले. तुमच्या पडद्यावर ग्राहकांची खाती, रुग्णांची माहिती किंवा पक्षकारांची कागदपत्रे असतील तर ही बाब गंभीर आहे. टीव्हीच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन पाहण्याच्या माहितीबद्दल दिलेली संमती काढून घ्या. टीव्ही फक्त मॉनिटर म्हणूनच वापरणार असाल तर त्याला वायफायच जोडू नका.

पहिला आठवडा

छपाईसाठी नेमके रंग ठरवणाऱ्यांनी, ज्यांचे टेबल दीड फुटाचे आहे त्यांनी आणि ज्यांच्या घरात तोच टीव्ही संध्याकाळी सर्वांना हवा असतो त्यांनी २७ इंची मॉनिटर घ्यावा, तो त्यांना अधिक सुख देईल. बाकीच्यांनी पहिला आठवडा टीव्ही टेबलावर किंवा स्टँडवर ठेवून नेहमीचे काम करावे आणि संध्याकाळी शरीर काय सांगते ते ऐकावे. वाचायला पुढे झुकत असाल तर स्केलिंग वाढवा. मान सतत वळत असेल तर टीव्हीपासून आणखी दूर बसा. मान वर होत असेल तर टीव्ही खाली आणा. हे तिन्ही प्रश्न सुटले की मगच ब्रॅकेट मागवा आणि भिंतीला ड्रिल लावा.